किंमत कळण्याआधीचा होकार

अमेरिकेतल्या निवडक महाविद्यालयांचा प्रवेश अर्ज भरताना एका पानावर तीन सह्या लागतात. एक विद्यार्थ्याची, एक पालकाची आणि एक शाळेच्या समुपदेशकाची. त्या पानाचा आशय असा असतो की, तुम्ही मला घेतलेत तर मी तुमच्याकडेच येईन आणि बाकी सगळीकडचे अर्ज मागे घेईन. अर्ज बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबरपर्यंत द्यायचा असतो आणि निकाल डिसेंबरच्या मध्यावर लागतो. या पद्धतीला अर्ली डिसिजन म्हणतात. एका विद्यार्थ्याला असा अर्ज एका वेळी एकाच ठिकाणी करता येतो. बऱ्याच महाविद्यालयांनी जानेवारीत याच स्वरूपाची दुसरी फेरीही सुरू केली आहे, म्हणजे पहिल्या ठिकाणी नकार मिळालेल्या मुलाला दुसऱ्या कुणाला तरी तोच शब्द देता येतो.

ही पद्धत बंद व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. लवकर अर्ज करण्याला किंवा लवकर उत्तर मिळण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती बंधनाला, आणि तेही अशा बंधनाला की जे घालून घेताना घेणाऱ्याला त्याची किंमत ठाऊक नसते. आपल्याकडे अंथरूण पाहून पाय पसरावेत असे सांगतात. इथे अंथरूण दाखवण्याआधी पाय पसरण्याचे वचन लिहून मागितले जाते, आणि जो ते देऊ शकत नाही त्याची प्रवेशाची शक्यता कमी होते.

मी न्यू जर्सीत राहते. ओळखीच्या मराठी कुटुंबांतली मुले बारावीच्या वर्षात आली की त्यांचे निबंध वाचून देते, अर्जांची जुळवाजुळव करायला मदत करते. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात अशाच एका घरी गेले होते. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी वडिलांचे दोन वर्षांचे करपत्रक आणि एका वहीच्या पानावर आकडेमोड. मुलगी गुणी, तिने एक छोटे महाविद्यालय मनाशी पक्के केले होते आणि सहीचे पान उघडून ती वडिलांच्या हालचालीकडे बघत होती. वडील मात्र महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरच्या खर्चाच्या कॅल्क्युलेटरवर अडले होते. पहिल्याच पानावर प्रश्न होता की विद्यार्थी अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे का. ‘नाही’ या उत्तरावर टिचकी मारली की यंत्र पुढे जात नव्हते. त्याचे सांगणे एवढेच होते की तुमच्यासाठी अंदाज देता येत नाही. ते मला म्हणाले, “ताई, निदान आकडा तरी सांगा म्हणावं. मग सही करायची की नाही ते मी ठरवतो.” मुलगी काही बोलली नाही. सांगलीला आजी, धाकटा भाऊ आठवीत, घराचा हप्ता, हे सगळे तिलाही माहीत होते.

आकडा मिळण्याची सोय नव्हती. अमेरिकेतल्या खासगी निवडक महाविद्यालयांचा राहण्या-जेवण्यासह वर्षाचा खर्च आता ९०,००० डॉलरच्या आसपास गेला आहे. रुपयांत तो पाऊण कोटीहून अधिक होतो, आणि पदवी चार वर्षांची असते. अर्थात हा छापील दर झाला. प्रत्यक्षात प्रत्येक कुटुंबाला किती भरावे लागेल हे महाविद्यालयाचे अर्थसाहाय्य कार्यालय उत्पन्न, बचत, घर आणि भावंडे पाहून ठरवते. म्हणजे एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोन मुलांच्या शिक्षणाची किंमत वेगळी असते आणि ती ज्याची त्यालाच कळते, तीही प्रवेशपत्रासोबत. अमेरिकी कायद्याने २०११ पासून महाविद्यालयांना असा कॅल्क्युलेटर संकेतस्थळावर ठेवणे सक्तीचे केले हे चांगलेच झाले, परंतु तो अंदाज देतो, हमी देत नाही. ज्यांचे उत्पन्न पगारातून सरळ येते त्यांच्यासाठी तो बऱ्यापैकी जवळ जातो. ज्यांचे छोटे दुकान आहे, ज्यांचे आईवडील विभक्त आहेत किंवा ज्यांची काही मालमत्ता भारतात आहे, त्यांच्या बाबतीत तो चुकण्याची शक्यता मोठी असते.

महाविद्यालयांना हा शब्द का हवा असतो हे समजून घेतले पाहिजे, कारण त्यात लहर नाही, हिशोब आहे. समजा, एका महाविद्यालयाला पहिल्या वर्षात १,००० विद्यार्थी हवे आहेत आणि त्याच्याकडे २०,००० अर्ज येतात. ज्यांना प्रवेश देऊ केला त्यांपैकी चौघांत एकच प्रत्यक्षात येतो, असा अनुभव असेल, तर जागा भरण्यासाठी ४,००० जणांना होकार पाठवावा लागेल. आता त्यातल्या ५०० जागा अर्ली डिसिजनने भरल्या तर त्या ५०० जणांसाठी ५००च पत्रे लागतात, उरलेल्या ५०० जागांसाठी २,००० पत्रे पुरतात. एकूण होकार २,५०० झाले. प्रवेशाचे प्रमाण २० टक्क्यांवरून साडेबारावर आले आणि महाविद्यालय कागदावर पूर्वीपेक्षा कितीतरी दुर्मिळ दिसू लागले. शिकवणाऱ्यांत, वाचनालयात, प्रयोगशाळेत काहीही बदललेले नाही. शिवाय मे महिन्यात किती मुले येतील, वसतिगृहात किती खाटा लागतील, शुल्कातून किती रक्कम जमेल याची अनिश्चितता निम्म्याने घटली. क्रमवारी लावणाऱ्या यू. एस. न्यूज या नियतकालिकाने होकार दिलेल्यांपैकी किती आले हा निकष २००३ मध्येच वगळला, तरी दुर्मिळपणाची प्रतिष्ठा त्यानंतरही टिकून आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासारख्या ठिकाणी पहिल्या वर्षाचा निम्म्याच्या आसपास वर्ग अर्ली डिसिजनमधून भरतो आणि काही छोट्या महाविद्यालयांत हे प्रमाण त्याहूनही पुढे जाते.

ही अनिश्चितता नाहीशी झालेली नसते. ती महाविद्यालयाच्या खांद्यावरून उतरून कुटुंबाच्या खांद्यावर आलेली असते. अब्जावधी डॉलरचा निधी असलेल्या संस्थेला ती पेलवत नाही म्हणून सतरा वर्षांच्या मुलीने आणि तिच्या बापाने ती उचलायची, असा हा व्यवहार आहे.

या व्यवहारात मुलाला काय मिळते, तर प्रवेशाची वाढीव शक्यता. लवकरच्या फेरीत होकाराचे प्रमाण नियमित फेरीपेक्षा बरेच जास्त असते हे महाविद्यालयांच्याच आकड्यांवरून दिसते. त्यावर नेहमीचे उत्तर असे की, लवकर अर्ज करणारी मुलेच अधिक तयारीची असतात, त्यांत निवडलेले खेळाडू असतात, माजी विद्यार्थ्यांची मुले असतात, म्हणून प्रमाण फुगते. यात तथ्य आहे. पण ख्रिस्तोफर एव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांची पात्रता सारखी धरून तुलना केली, तेव्हाही लवकर अर्ज करण्याचा फायदा महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या एसएटी परीक्षेत सुमारे १०० गुण जास्त मिळवण्याइतका भरला. त्या वेळी एसएटी १,६०० गुणांची होती. शंभर गुणांसाठी मुले दोन-दोन उन्हाळे शिकवणीला जातात. एवढा लाभ एका सहीवर मिळत असेल, तर ती सही कुणाला परवडते हा प्रश्न विचारायलाच हवा.

ती परवडते दोन प्रकारच्या लोकांना. ज्याला पूर्ण ९०,००० डॉलर भरता येतात त्याला किमतीची चौकशी करण्याचे कारणच नसते, तो निर्धास्त सही करतो. दुसरे अगदी अल्प उत्पन्नाचे कुटुंब, ज्याच्या बाबतीत सधन महाविद्यालय जवळजवळ सगळा खर्च उचलते. मात्र अशा घरांतल्या मुलांना ही पद्धत वेळेत समजावून सांगणारे कुणी क्वचितच असते. सार्वजनिक शाळांत एकेका समुपदेशकाकडे शेकड्यांनी मुले असतात आणि ऑक्टोबरपर्यंत सगळी कागदपत्रे तयार करून घेणे त्याच्या आवाक्यातले नसते. मधल्या सगळ्यांसाठी, म्हणजे ज्यांना काही मदत लागेल पण किती मिळेल हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी, ही सही म्हणजे जुगार आहे. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये दाखवून दिले की, सारखेच परीक्षागुण असलेल्या मुलांमध्येही सर्वांत वरच्या एक टक्का उत्पन्नगटातल्या मुलांची अतिनिवडक खासगी महाविद्यालयांत जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक आहे. त्याची कारणे अनेक आहेत आणि सगळा दोष या एका पद्धतीवर टाकता येणार नाही. पण पैशाची फिकीर नसणे हाच जिथे गुणवत्तेत जमा होतो, अशी इतकी उघड दुसरी जागा मला तरी प्रवेशप्रक्रियेत दिसत नाही.

मराठी कुटुंबांना याचा विशेष फटका बसतो तो व्हिसामुळे. भारतीयांची ग्रीन कार्डची रांग इतकी लांब आहे की, तान्ह्या वयात इथे आलेली, बालवाडीपासून इथेच शिकलेली मुले बारावीतही एच-फोर व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्या पालकांवर अवलंबून असणाऱ्यांच्या व्हिसावर, असतात. संघराज्याच्या सरकारी शिष्यवृत्त्या आणि शैक्षणिक कर्ज त्यांना मिळत नाही आणि अनेक खासगी महाविद्यालये अर्थसाहाय्यासाठी त्यांना परदेशी विद्यार्थ्यांतच गणतात. परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत बहुसंख्य महाविद्यालये प्रवेश देताना कुटुंबाची ऐपत विचारात घेतात, म्हणजे मदत मागितली की तेवढ्याने अर्ज कमजोर होतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ अशी थोडी नावे सोडली तर परदेशी मुलाची ऐपत न पाहता निर्णय घेणारी ठिकाणे फारशी नाहीत. पुण्या-मुंबईहून थेट अर्ज करणाऱ्या मुलांची स्थिती याहून निराळी नाही. तिथल्या पालकांना सल्लागार सांगतात की अर्ली टाका, मदत मागू नका, शक्यता वाढेल. हा सल्ला व्यवहारात खोटाही नाही, आणि मला त्याचाच त्रास होतो. घर गहाण ठेवून किंवा निवृत्तीचा निधी मोडून चार वर्षे पाऊण-पाऊण कोटी उभे करू असे ठरवून सही करणारी माणसे मी पाहिली आहेत. दुसऱ्या वर्षी वडिलांची नोकरी गेली तर काय, याचा विचार सहीच्या दिवशी कुणी बोलून दाखवत नाही.

या पद्धतीच्या बाजूने जे बोलले जाते त्यातली एक गोष्ट मला मनापासून पटते. ज्या मुलाला खरोखर एकच जागा हवी आहे, त्याला डिसेंबरमध्येच उत्तर मिळाले तर त्याचे बारावीचे वर्ष सुसह्य होते, दहा-पंधरा ठिकाणी अर्ज करावे लागत नाहीत, घरातला ताण उतरतो. पण हे सुख लवकर मिळालेल्या उत्तराचे आहे, बंधनाचे नाही. एमआयटी नोव्हेंबरमध्ये अर्ज घेते, डिसेंबरमध्ये उत्तर देते आणि निर्णय कळवायला विद्यार्थ्याला १ मेपर्यंत मोकळीक देते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड लवकरच्या फेरीत इतर खासगी विद्यापीठांत लवकर अर्ज करण्यावर बंधन घालतात, मात्र प्रवेश मिळाला तर आलेच पाहिजे असे म्हणत नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठात तर लवकरची फेरीच नाही, तरीही बर्कली आणि लॉस एंजेलिसचे वर्ग दरवर्षी भरतात. बंधनाशिवाय वर्ग उभा करता येत नाही, हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही.

दुसरे समर्थन सुटकेच्या कलमाचे. मिळालेल्या मदतीत शिकणे शक्य नसेल तर विद्यार्थ्याला शब्दातून मोकळे होता येते, हे खरे आहे आणि बऱ्याच पालकांना ते ठाऊक नसते, म्हणून ते इथे ठळकपणे सांगते. तरीही हे कलम वाटते तितके मोकळे करत नाही. डिसेंबरच्या मध्यावर नकार कळवायचा म्हणजे जानेवारीच्या पहिल्या दिवसांत संपणाऱ्या नियमित अर्जांसाठी जेमतेम दोन आठवडे हातात राहतात, तेही नाताळच्या सुट्टीतले, जेव्हा शाळा बंद आणि शिक्षक गावाला गेलेले असतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुलनेची संधी जाते. मार्च-एप्रिलमध्ये हातात दोन-तीन पत्रे असलेले कुटुंब एका महाविद्यालयाला दुसऱ्याचे पत्र दाखवून फेरविचाराची विनंती करू शकते आणि पुष्कळदा रक्कम वाढवून मिळते. अर्लीवाल्या कुटुंबापुढे एकच आकडा असतो, तो अपुरा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर असते, आणि ‘अशक्य’ आणि ‘कसेबसे जमेल’ यांच्यामधल्या मोठ्या पट्ट्यात बहुतेक माणसे लाजेखातर गप्प बसतात. दिलेला शब्द मोडायचा नाही हे आपल्या घरांतून फार लहानपणापासून शिकवलेले असते. त्या संस्काराचाच इथे उपयोग करून घेतला जातो.

शब्द मोडण्याची शिक्षाही मोडणाऱ्यापुरती राहत नाही. न्यू ऑर्लिन्सच्या ट्युलेन विद्यापीठाने २०२५ मध्ये एका शाळेच्या विद्यार्थ्यांना वर्षभर अर्ली डिसिजनने अर्ज करण्याची बंदी घातली, कारण आदल्या वर्षी त्या शाळेतल्या एका विद्यार्थ्याने प्रवेश मिळूनही जाण्याचे नाकारले होते. एका मुलाच्या निर्णयाची किंमत पुढच्या वर्षीच्या मुलांनी मोजली, ज्यांनी कुणालाही काहीच लिहून दिलेले नव्हते.

महाराष्ट्रातला वाचक इथे म्हणेल की, बंधन आपल्याकडेही आहे. अकरावीच्या केंद्रीय ऑनलाइन प्रवेशात पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद व्हावे लागते. अभियांत्रिकीच्या कॅप फेरीतही पहिला विकल्प मिळाला की जागा आपोआप ‘फ्रीज’ होते. ही तुलना अगदी योग्य आहे, म्हणूनच तिच्यातला फरक नीट पाहावा. आपल्याकडे मूल पसंतीची लांब यादी देते. ती क्रमाने लावताना आदल्या वर्षीचे कटऑफ समोर असतात. जागा गुणांवर वाटली जाते, अमुक एका महाविद्यालयाला पहिली पसंती दिल्याबद्दल तिथे कुणाचे गुण वाढवून धरले जात नाहीत. आणि मुख्य म्हणजे शुल्क आधी माहीत असते. खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, आकडा जाहीर असतो, आणि बाप विकल्प भरतानाच म्हणू शकतो की हे कॉलेज यादीत नको, झेपणार नाही. आपल्या प्रवेशप्रक्रियेच्या तक्रारी डोंगराएवढ्या आहेत, संकेतस्थळ बंद पडण्यापासून फेऱ्या लांबण्यापर्यंत. पण किंमत सांगितल्याशिवाय बांधून घेणे हा दोष तिच्यात नाही, आणि बांधून घेण्यात मूलतः काही अन्याय नसतो हेही तिच्यावरून कळते.

मग अमेरिकेत हे बदलत का नाही? प्रयत्न झाले आहेत. येल आणि स्टॅनफर्ड यांनी २००२ मध्ये बंधनकारक फेरी सोडून बंधन नसलेली स्वीकारली. सप्टेंबर २००६ मध्ये हार्वर्डने लवकरची फेरीच पूर्ण रद्द केली. ती बंधनकारक नव्हती, तरीही तिचा लाभ आधीच पुढे असलेल्यांनाच होतो, असे तेव्हाचे हंगामी अध्यक्ष डेरेक बॉक यांनी मोकळेपणाने सांगितले. पाठोपाठ प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठानेही आपल्या फेऱ्या बंद केल्या. इतर मोठी महाविद्यालये मागून येतील ही अपेक्षा मात्र फोल ठरली. पाचच वर्षांत, २०११ मध्ये, हार्वर्ड आणि प्रिन्स्टन बंधन नसलेली लवकरची फेरी घेऊन परत आले. व्हर्जिनिया विद्यापीठाने तर २०१९ मध्ये बंधनकारक फेरीही पुन्हा सुरू केली. त्याच राज्यातल्या व्हर्जिनिया टेकने २०२३ मध्ये ती बंद केली, हे अलीकडचे एक आश्वासक उदाहरण. पण एकट्याने मागे हटणाऱ्या संस्थेला तिचे इच्छुक विद्यार्थी डिसेंबरमध्ये शेजारी घेऊन जाईल ही भीती असते, आणि ती निराधार नाही.

सगळ्यांनी मिळून ठरवावे, तर स्पर्धाविषयक कायदा आडवा येतो. प्रतिस्पर्धी संस्थांनी एकत्र बसून प्रवेशाच्या अटी ठरवणे म्हणजे संगनमत. २०१९ मध्ये न्याय खात्याच्या दबावाखाली प्रवेश समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेला आपल्या आचारसंहितेतली अर्ली डिसिजनच्या आमिषांवर अंकुश ठेवणारी कलमे वगळावी लागली, आणि त्यानंतर या फेरीतल्या विद्यार्थ्यांना विशेष सवलती देण्याची वाट मोकळी झाली. उलट ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या वतीने ३२ महाविद्यालये आणि अर्जाची व्यासपीठे चालवणाऱ्या संस्थांवर दावा दाखल झाला, त्यात आरोप असा की, एकमेकांच्या अर्ली विद्यार्थ्यांना हात न लावण्याचा हा समझोताच मुळात संगनमत आहे आणि त्यामुळे शिक्षण महाग झाले आहे. न्यायालयात काय टिकेल ते टिकेल. पण आपण होऊन सोडवत नाही आणि मिळून सोडता येत नाही, अशा कात्रीतून महाविद्यालयांना बाहेर काढणे हे कायदेमंडळाचेच काम आहे. सरकारी अनुदाने, संशोधनाचा पैसा आणि करसवलत घेणाऱ्या संस्थेने अर्थसाहाय्याचा आकडा लेखी दिल्याशिवाय कुणाकडूनही येण्याचे वचन घेऊ नये, एवढा एक नियम सर्वांना सारखा लागू झाला तरी पुष्कळ होईल.

हे अव्यवहार्य आहे असे मला कुणी सांगू नये. खेळाडू म्हणून निवडल्या जाणाऱ्या मुलांच्या घरची कागदपत्रे अनेक महाविद्यालयांची अर्थसाहाय्य कार्यालये अर्जाआधीच तपासतात आणि साधारण किती मदत मिळेल हे त्यांना कळवतात, कारण प्रशिक्षकाला तो खेळाडू हवा असतो. तीच माणसे, तेच कागद, तोच हिशोब. भौतिकशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या मुलीसाठी सप्टेंबरमध्ये हे काम करायला आणखी चार कर्मचारी लागतील, तर ते नेमण्याची ऐपत या संस्थांकडे नक्कीच आहे. दुसरे म्हणजे दोन्ही फेऱ्यांचे आकडे प्रत्येक महाविद्यालयाने वेगवेगळे जाहीर करावेत, किती अर्ज आले, कितींना घेतले, त्यातल्या कितींना मदत दिली. आज काही ठिकाणी हे आकडे मिळतात, काही ठिकाणी एकत्र करून सांगितले जातात आणि पालकांना अंदाजावर चालावे लागते.

त्या घरी वडिलांनी शेवटी सही केली नाही. मुलीने समजून घेतले, निदान माझ्यासमोर तरी, आणि त्याच महाविद्यालयात जानेवारीत नियमित फेरीतून अर्ज केला. मार्चअखेरीस तिथून नकार आला. त्याच आठवड्यात तिला दुसऱ्या दोन ठिकाणांहून होकार आले, त्यांतल्या एकाने गुणवत्तेची शिष्यवृत्ती दिली आणि आज ती तिथे शिकते आहे. सही केली असती तर तिला मनाजोगती जागा मिळाली असती का, हे कुणालाच सांगता येणार नाही. वडिलांनी ते मला दोनदा विचारले, दोन्ही वेळा मुलगी घरात नसताना.